चिकटपट्टीची परीक्षा, आणि आमचीही

गेल्या गणेशोत्सवाचा जमाखर्च ज्यांनी बारकाईनं वाचला असेल, त्यांना खर्चाच्या बाजूला "हॉलची अनामत रक्कम (परत मिळाली नाही) – २०० डॉलर्स" अशी एक ओळ दिसली असेल. वार्षिक सभेत या ओळीवर बरीच चर्चा झाली. "मुलांनी घाईघाईत टेप ओरबाडून काढली, म्हणून शाळेच्या भिंतीचा रंग निघाला" असा निष्कर्ष निघाला आणि सभा चहाकडे वळली. मुलं म्हणजे इथल्या विद्यापीठात शिकणारे आपले दोन विद्यार्थी. विसर्जनाच्या रात्री सगळे आपापल्या गाड्यांकडे गेल्यावर हॉल झाडायला मागे राहिले होते ते हेच दोघे. त्या सभेनंतर ते मंडळाच्या एकाही कार्यक्रमाला आले नाहीत. संक्रांतीला नाहीत, पाडव्यालाही नाहीत.

त्या सभेला आम्ही हजर होतो. टेप आम्हीच विकत आणली होती. रसायनशास्त्रातली डॉक्टरेट पदरी असूनही आम्ही गप्प बसलो. (हा 'आम्ही' एकवचनी आहे. बातमीपत्रात 'मी' लिहायला संकोच वाटतो, या बाबतीत तर जास्तच.) संपादकांनी "काहीतरी शास्त्रीय, पण सर्वांना समजेल असं" लिहायला सांगितलं, तेव्हा म्हटलं, आधी ही थकबाकी चुकती करावी.

झालं होतं असं. मखरामागे लावायचा निळा सॅटिनचा पडदा भिंतीला टेपनं लावायचं ठरलं. दुकानात जाऊन आम्ही चार-पाच प्रकारच्या टेपांना अंगठा लावून पाहिला आणि जी अंगठ्याला सगळ्यात घट्ट चिकटली ती, म्हणजे चंदेरी डक्ट टेप, तीन रिळं उचलली. शुक्रवारी रात्री पडदा लावला. शनिवारी सकाळी पाहतो तो पडदा वीतभर खाली घसरलेला आणि एक कोपरा जमिनीवर. मग आणखी टेप, दुप्पट. रविवारी रात्री दहाला हॉल रिकामा करून द्यायचा होता. टेप काढायला घेतली आणि तिच्याबरोबर पापडाएवढे रंगाचे पोपडे हातात आले.

आता कोडं पाहा. जी टेप पडद्याचं चार-पाच पौंडांचं वजन रात्रभर धरू शकली नाही, तीच टेप भिंतीचा रंग मात्र उपटून घेऊन आली. ती टेप कच्ची म्हणायची की पक्की?

उत्तर देण्याआधी चिकटपट्टीचा स्वभाव थोडा समजून घ्यायला हवा. डिंक किंवा खळ आपण ओली लावतो आणि ती वाळली की धरते. चिकटपट्टीवरचा थर कधी वाळत नाही. बोटानं दाबलं की तो द्रवासारखा पृष्ठभागाच्या बारीक खाचाखोचांत शिरतो, आणि ओढलं की घन पदार्थासारखा विरोध करतो. पुरणपोळीची तेलात तिंबलेली कणीक आठवा. ताटात ठेवली तर ती सावकाश पसरते, पण झटक्यानं ओढली तर तुटते. एकाच पदार्थात वाहण्याचा आणि ताणून परत येण्याचा, असे दोन्ही गुण. किती वेळ दिला आणि किती घाई केली यावर त्यातला कोणता गुण दिसेल ते ठरतं. अशा चिकट थरासाठी पूर्वीपासून रबर आणि राळ यांचं मिश्रण वापरतात, आणि आता ॲक्रिलिक जातीची पॉलिमरंही वापरतात. ३ एम कंपनीतले कार्ल डालक्विस्ट यांनी यासाठी एक मर्यादा सांगितली, ती आजही वापरात आहे. पदार्थाचा ताठपणा साधारण ३ लाख पास्कलच्या खाली असेल तरच तो नुसत्या बोटाच्या दाबानं चिकटतो. साधं रबर याहून ताठ असतं, म्हणून रबरबँड टेबलाला चिकटून बसत नाही.

ही कल्पना आपल्याला नवी नाही. आमच्या आजीच्या करंड्यात मेणाची छोटी डबी असे. कपाळावर आधी बोटानं मेण, मग त्यावर कुंकू. ऊब आणि दाब मिळाला की धरणारा थर तो हाच. टिकलीच्या पाठीवर आज जे असतं ते तर थेट चिकटपट्टीचंच भावंडं आहे. घरोघरच्या बाथरूमच्या आरशांवर त्याची परीक्षा रोज चालू असते, फक्त नोंद कोणी ठेवत नाही.

आणि गंमत अशी, की आजच्या या टेपांचा जन्मच मुळी रंग वाचवण्यासाठी झाला. १९२०च्या दशकात मोटारींना दोन रंग देण्याची फॅशन आली. एक रंग देऊन झाला की त्यावर कागद डिंकानं चिकटवायचा आणि शेजारी दुसरा रंग मारायचा. कागद काढताना नवा कोरा रंगही निघून येई आणि रंगारी वैतागत. मिनेसोटातल्या सेंट पॉल गावी ३ एममध्ये काम करणाऱ्या रिचर्ड ड्रू यांनी हे पाहिलं आणि १९२५ साली हलक्या हातानं निघणारी मास्किंग टेप तयार केली. पारदर्शक सेलोफेनची टेप त्यांनीच १९३० साली आणली. म्हणजे धरण्याइतकंच सोडणंही महत्त्वाचं, ही गोष्ट रंगाऱ्यांना शंभर वर्षांपूर्वीच समजली होती. आम्हाला समजायला २०० डॉलर्स लागले.

आता परीक्षा. दुकानात आम्ही अंगठ्यानं केली ती चाचणी अगदीच खोटी नव्हे. तिला टॅक म्हणतात, म्हणजे टेकताक्षणी किती धरतं ते. पाक करताना आई अंगठा आणि तर्जनीत थेंब धरून एकतारी की दोनतारी पाहते, त्याच जातीची ही परीक्षा. प्रयोगशाळेत अंगठ्याऐवजी धातूची बारीक दांडी असते. ती टेपला जेमतेम एक सेकंद टेकवून वर ओढतात आणि लागलेलं बल मोजतात. दुसरी पद्धत पोरांना आवडेल अशी आहे. साडेएकवीस अंशांच्या उतारावरून ७/१६ इंच व्यासाची पोलादी गोळी सोडायची, ती पुढे उलट्या पसरलेल्या टेपवर घरंगळत जाते, आणि किती अंतरावर थांबली ते मोजायचं. अंतर जितकं कमी तितका टॅक जास्त. आमची चूक ही, की या एका विषयातले गुण पाहून आम्ही टेपला सगळ्याच विषयांत पास करून टाकलं.

पडदा धरून ठेवणं हा वेगळाच विषय, त्याला शिअर म्हणतात. इथे टेपला सोलायचं नसतं, पृष्ठभागाला समांतर खाली ओढायचं असतं. उभ्या स्टीलच्या पाटीवर टेपचा एक चौरस इंच तुकडा लावतात, खाली एक किलोचं वजन टांगतात आणि घड्याळ लावून देतात. पाटी किंचित मागे कललेली ठेवतात, म्हणजे टेप चुकूनसुद्धा सोलली जाऊ नये. वजन पडायला लागलेली मिनिटं हे उत्तर. एखादी टेप काही मिनिटांत सुटते, एखादी आठवडाभर हलत नाही. आणि इथेच मेख आहे. चिकट थर जितका मऊ, तितका तो झटकन पसरून चिकटतो, आणि तितकाच वजनाखाली सावकाश वाहतोही. थर ताठ केला की वजन धरतो, पण टेकताक्षणीची पकड कमी होते. बनवणाऱ्याला यातला मध्य गाठावा लागतो. डक्ट टेपचा थर जाड, मऊ आणि बहुधा रबराचा असतो. दीडशे माणसांच्या उबेत आणि समयांच्या शेजारी तो आणखी मऊ झाला आणि रात्रभर खाली वाहत राहिला. त्यात पंख्याच्या वाऱ्यानं पडद्याचा कोपरा भिंतीपासून पुढे ओढला जाऊ लागला, आणि मग घसरण्याबरोबर सोलणंही सुरू झालं. शिअरमध्ये बल सगळ्या चौरस इंचावर वाटलं जातं, सोलताना ते एका बारीक रेषेवर एकवटतं. केळ्याची साल सुरीनं तासण्यापेक्षा देठाकडून ओढणं सोपं, तसंच हे.

या सोलण्याच्या चाचणीला पील म्हणतात. टेपच्या वेष्टनावर आकडा असलाच तर तो बहुधा हिचाच असतो. अमेरिकेत तो औंस प्रति इंच असा देतात, बाकी जगात न्यूटनमध्ये. घरगुती टेपांत तो साधारण १० पासून ६०-७० औंसांपर्यंत आढळतो. हा आकडा कसा काढतात ते पाहिलं की त्यावर किती विसंबायचं तेही कळतं. चकचकीत स्टेनलेस स्टीलची पाटी द्रावकानं पुसून स्वच्छ करतात. तिच्यावर टेप ठेवून दोन किलोचा रबरी रूळ फिरवतात, कारण माणसामाणसाच्या अंगठ्याचा जोर वेगळा. मग टेपचं टोक उलटं दुमडून १८० अंशांच्या कोनात, मिनिटाला १२ इंच या वेगानं यंत्र ती ओढतं. खोलीचं तापमान २३ अंश सेल्सियस, हवेतली आर्द्रता ५० टक्के. एएसटीएमच्या डी ३३३० या मानकात हे सगळं लिहिलेलं आहे.

इतका काटेकोरपणा कशाला, असं वाटेल. पण यातली एक गोष्ट बदलली तरी आकडा बदलतो. कोन ९० अंशांचा केला तर सरळ गणितानं १८० अंशांच्या दुप्पट बल लागायला हवं. प्रत्यक्षात टेपची पाठ वाकवण्यातही बल खर्च होतं, म्हणून गणित तंतोतंत जुळत नाही, पण दोन कोनांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणं चूकच. ओढण्याचा वेग वाढवला की बल साधारणपणे वाढतं, कारण थराला वाहून सुटायला वेळ मिळत नाही. गारठ्यात थर ताठ होतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टेप लावून किती वेळ गेला. पहिल्या मिनिटाला ती पृष्ठभागाला ठिकठिकाणी नुसती टेकलेली असते. तासांमागून तास ती आणखी खोल शिरते आणि पकड वाढत जाते. म्हणूनच चाचणी लगेच केली की २४ तासांनी, हेही लिहावं लागतं. पीलचा आकडा एकट्या टेपचा नसतोच. तो टेप, पृष्ठभाग, वेग, ऊब आणि वेळ या सगळ्यांचा मिळून असतो. (टेप ओढताना जो चर्र आवाज होतो तो ती अडखळत, धरत-सोडत निघते म्हणून. २००८ साली लॉस एंजेलिसच्या शास्त्रज्ञांनी निर्वात पेटीत टेप उलगडून त्यातून क्ष-किरण निघतात हेही दाखवलं. घरी काळजीचं कारण नाही, निर्वात लागतोच.)

एवढं कळल्यावर आमची झोप उडाली, कारण सभेतला निष्कर्ष अर्धाच खरा असावा अशी शंका आली. मग घरात प्रयोगशाळा मांडली. पाटी म्हणून लग्नातल्या आहेरातलं स्टीलचं ताट पालथं घातलं. रूळ म्हणून लाटण्यावर सायकलची जुनी ट्यूब चढवली. बल मोजायला भारतात जाताना बॅगा तोलायचा हातकाटा, तो तर आपल्या सर्वांच्या घरी असतोच. शिअरसाठी रंग दिलेल्या लाकडी फळीवर एकेक चौरस इंच टेप लावून खाली तूरडाळीच्या दोन पौंडी पिशव्या टांगल्या. दोन पौंड म्हणजे ९०७ ग्रॅम, प्रमाण वजनाच्या जवळच. कुठली पिशवी कधी पडली ते आमच्या कन्येनं कालनिर्णयच्या चौकोनांत लिहिलं, जिथे आमची आई दुधाचा हिशेब लिहीत असे. डक्ट टेपची पिशवी रात्री दोनला पडली आणि फुटली. डाळ सकाळी आठपर्यंत वेचत होतो. घरच्या मंडळींनी यानंतर वजनासाठी पाण्याच्या बाटल्या वापरण्याची अट घातली.

पण खरी परीक्षा भिंतीची होती. एप्रिलमध्ये आम्ही शाळेत गेलो, झालेल्या प्रकाराबद्दल माफी मागितली आणि देखभाल करणाऱ्या गृहस्थांना आमची शंका सांगितली. त्यांनी हसून कोठीच्या दारामागचा एक कोपरा दाखवला. उन्हाळ्यात तो पुन्हा रंगवायचाच होता. तिथे पाच प्रकारच्या टेपा रूळ फिरवून लावल्या आणि ४८ तासांनी गेलो, गणपतीत गेला होता जवळपास तितकाच वेळ. डक्ट टेप इतकी हळू ओढली की हाताला रग लागली. रंग निघालाच. वेगानं ओढलेल्या तुकड्यापेक्षा कमी, पण निघाला. पोपड्याखाली जुना, चकचकीत तैलरंग दिसत होता. त्यावर घासकाम न करता पाण्याचा रंग दिला की तो वरवरच बसतो.

रंगाची पकड तपासायचीही प्रमाण चाचणी आहे, आणि ती टेपनंच करतात. एएसटीएमचं डी ३३५९. मूळ ती धातूवरच्या रंगासाठी, पण अंदाज यायला पुरते. धारदार पात्यानं रंगावर उभ्या-आडव्या रेघा कापून शंकरपाळ्यांसारखी चौकडी करायची, तिच्यावर टेप लावून ओढायची, आणि किती चौकोन उडाले ते पाहायचं. एकही न उडाल्यास '५ बी', ६५ टक्क्यांहून जास्त उडाल्यास '० बी'. कोठीच्या भिंतीला शून्य मिळालं. म्हणजे त्या रविवारी रात्री आपण नकळत शाळेच्या भिंतीची परीक्षा घेतली आणि भिंत नापास झाली. त्या गृहस्थांनी मान डोलावली. मुख्याध्यापकांपुढे हा मुद्दा मांडण्याचा मोह आम्ही आवरला. अनामत गेली ती गेली. हॉल यंदाही मिळाला आहे, भिंतीला फक्त रंगाऱ्यांची टेप लावायची या अटीवर.

तर मंडळींनी नोंद घ्यावी, की त्या दोघा विद्यार्थ्यांनी घाई केली नसती तरी रंग निघाला असता. चुकीची टेप आम्ही निवडली. दोन दिवस ती भिंतीत मुरू दिली. वजन धरत नाही म्हणून दुप्पट लावायला सांगितली तीही आम्हीच. आणि सामान आवरायला दोन मुलांवर सोपवून दहा मिनिटांची मुदत ठेवली ती आपण सर्वांनी. हे सभेच्या इतिवृत्तात घ्यावं असं पत्र कार्यवाहांना दिलं आहे.

गेल्या महिन्यात त्या दोघांना फोन केला. पहिला बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "दादा, तेव्हा बोलला असता तर बरं झालं असतं." यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. दुसऱ्यानं ताटावरच्या प्रयोगाची सविस्तर चौकशी केली. तो यांत्रिकीचा आहे. आमच्या हातकाट्याला वेग स्थिर ठेवणारी मोटर जोडल्याशिवाय पीलचे आकडे छापू नका असं त्यानं बजावलं. म्हणून ते इथे दिलेले नाहीत.

यंदा पडद्याचं वजन टेपवर टाकायचं नाही. प्लास्टिकच्या नळ्यांची चौकट उभी करायची आणि पडदा तिच्यावर. भिंतीला लागतील ती फक्त कागदी फुलं आणि मुलांची चित्रं, रंगाऱ्यांच्या निळ्या टेपनं. ती किती दिवसांत काढावी हे वेष्टनावर लिहिलेलं असतं, आपले तीन दिवस त्यात बसतात. काढताना टोक मागे दुमडून सावकाश ओढायची. अडली तर केस वाळवायच्या यंत्रानं थोडी ऊब द्यायची, थर मऊ होतो. जाता जाता, डिसेंबरात भारतात खोकी नेणाऱ्यांनी ती गारठलेल्या गॅरेजमध्ये बंद करू नयेत. घरात आणून पुठ्ठ्यावरची धूळ पुसावी आणि टेप लावल्यावर तळहातानं चोळावी. गारठ्यात लावलेली टेप विमानतळावर उकलते.

हॉल शुक्रवारी संध्याकाळी सहाला उघडेल, आणि रविवारी आवरायला या वेळी दहा मिनिटं नव्हे, पुरते दोन तास राखून ठेवले आहेत. त्यासाठी निदान आठ जणांची नावं हवी आहेत. सध्या तीन आहेत. त्यांत एक आमचं, आणि एक त्या यांत्रिकीवाल्याचं. आठ फुटी शिडी कोणाकडे असल्यास कळवावं. टेप मात्र कोणी घरून आणू नये.